दूरचित्रवाणीवरची निवडणूक चर्चा: मतदाराच्या हाती काय लागतं?

९० मिनिटांचा कार्यक्रम, दोन उमेदवार. उत्तराला प्रत्येकी २ मिनिटं, प्रत्युत्तराला १ मिनिट धरलं तर एका प्रश्नाला ६ मिनिटं जातात. म्हणजे जेमतेम १४-१५ प्रश्न, जाहिराती आणि उपप्रश्न धरले तर त्याहून कमी. महागाई, रोजगार, आरोग्य, शिक्षण, घरभाडं यांच्या वाट्याला एकेक प्रश्न आला तरी नशीब. त्यात गेल्या आठवड्यातलं एखादं वादग्रस्त विधान दोन-तीन प्रश्न सहज खाऊन टाकतं, आणि सर्वात जास्त चीड याचीच येते.

दुसरी खोट उपप्रश्नाची. महागाईबद्दल विचारलं की उमेदवार पहिल्या दहा सेकंदांत विषय वळवतो आणि पाठ केलेलं भाषण सुरू करतो. सूत्रधाराने तिथेच ‘कोणता कर, किती, कधीपासून?’ असं विचारलं नाही तर ती २ मिनिटं वाया गेली.

१५ ऑक्टोबर १९९२ ला अमेरिकेत रिचमंडमध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार बुश, क्लिंटन आणि पेरो यांना मत न ठरवलेल्या नागरिकांनी थेट प्रश्न विचारले. देशावरच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली, हा प्रश्न तिथे एका मतदाराने विचारला. पत्रकारांच्या यादीत असा प्रश्न क्वचितच असतो. आमची पसंती याच पद्धतीला. मात्र नागरिकाला उपप्रश्नाचा हक्क हवाच.

२०२४ च्या बायडन-ट्रम्प चर्चेत पाळी नसलेल्याचा माइक बंद ठेवला होता. गोंगाट टळतो, उत्तर चुकवणं टळत नाही.