टीव्ही युनिटमधला गेमिंग पीसी: एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

ग्राफिक्स कार्डाचा एक पंखा एप्रिलमध्ये करकरायला लागला आणि सर्व्हिस सेंटरने ‘आत धूळ आहे, वॉरंटीत बसत नाही’ म्हणत हात वर केले. त्या भांडणाचं काय झालं ते पुढे सांगतो. पण त्या निमित्ताने अख्खं मशीन खोललं आणि एक गोष्ट पक्की झाली: दिवाणखान्यातला स्वस्त गेमिंग पीसी टिकणार की नाही, हे टीव्ही युनिटचा खण ठरवतो. फ्रेम सगळे मोजतात, खणातली हवा कोणी मोजत नाही.

यादी ओळखीचीच आहे, म्हणून थोडक्यात. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, आरएक्स ६६०० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि पुढे जाळी असलेलं मायक्रो एटीएक्स कॅबिनेट. २०२५च्या दसऱ्याला जोडणी झाली, टीव्ही सोडून पन्नास हजारांच्या आसपास. त्याहून नवा बी५५० बोर्ड घेतला नाही. आरएक्स ६६०० मुळातच आठ लेनचं (डेटाच्या वाटांचं) कार्ड आहे. बी४५०वर ते पीसीआयई ३.०च्या जुन्या, कमी वेगाने चालतं, पण १०८०पीला पडणारा फरक सोफ्यावरून दिसत नाही. एकच काळजी घ्यायची: बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायॉस अपडेट केल्याशिवाय ५६०० सुरूच होत नाही. दुकानातच स्क्रीनवर बायॉस आलेलं पाहा आणि मगच पैसे द्या. आरजीबी पंखे आणि लिक्विड कूलरला सरळ नाही म्हणा. तेच दोन-तीन हजार एसएमपीएसमध्ये घाला. टीव्हीच्या बाबतीत वेळ चांगली साधली गेली: २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. पीसीचे पार्ट आधीपासून १८मध्येच होते, तिथे काही वाचलं नाही.

आता खण. आपल्याकडच्या फ्लॅटमधलं टीव्ही युनिट सुताराकडून बनवून घेतलेलं असतं. खोली सोळा ते अठरा इंच, पाठीला सहा एमएमचा प्लाय, पुढे सनमायकाचं दार. कॅबिनेट घेण्याआधी खण आतून मोजा. कॅबिनेट ३८ सेंटिमीटर लांब असेल तर मागे एचडीएमआय आणि पॉवर केबल वळायला आणखी पाच सेंटिमीटर लागतात. तेवढी जागा नसेल तर दार लागत नाही, किंवा लागतं आणि एचडीएमआयची पिन कायम ताणात राहते. खणाची उंची बाराच इंच असेल तर उभं कॅबिनेट आडवं ठेवावं लागतं. आडवं ठेवायला हरकत नाही, फक्त जाळीची बाजू किंवा एसएमपीएसचा पंखा लाकडाला टेकता कामा नये. खाली रबरी बूच लावून दोन-अडीच सेंटिमीटर उचलून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी सगळं झाकून नेते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर ‘सोबत आलेला कूलर पुरतो, दार लावून खेळा’ असंच उत्तर होतं. मार्चअखेरपासून ते मत पार बदललं. खोलीत ३५ अंश असताना तासभर गेम चालवला की बंद खणातली हवा ५० अंशांच्या आसपास जाते. प्रोसेसर ८८ला टेकतो (त्याची मर्यादा ९०ची), कार्डाचा हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत गरम बिंदू) शंभरी गाठतो, दोन्ही पंखे पूर्ण ताकदीने ओरडतात आणि फ्रेम मात्र अडखळतात. हॉटस्पॉटची मर्यादा ११० आहे, त्यामुळे कार्ड लगेच जळत नाही. पण रोज त्या वेगाने फिरणाऱ्या पंख्याचं बेअरिंग किती दिवस तग धरणार? गेम चालू असताना हे मशीन भिंतीतून साधारण २०० वॉट खेचतं. बंद कपाटात शंभर-शंभरचे दोन जुने पिवळे बल्ब लावून ठेवल्यासारखंच ते. ती उष्णता बाहेर जायला वाट नसेल तर कितीही महागडा कूलर तीच गरम हवा फिरवत बसतो.

बहुतेक जण इथे पाठीला भोक पाडतात आणि काम झालं समजतात. नुसत्या भोकाने दोन-तीन अंशच उतरतात, कारण कॅबिनेटमधून मागे निघालेली गरम हवा प्लायवर आपटून बाजूने पुन्हा पुढच्या जाळीकडे येते. गरम हवेला पुढे परतायची वाटच बंद करायला हवी. त्यासाठी कॅबिनेटच्या मागच्या कडेभोवती, खणाच्या चारही बाजूंना टेकेल अशी फोमची पट्टी लावा. दाराच्या फटींना लावतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात रोलवर मिळते. खणाचे पुढचा थंड आणि मागचा गरम असे दोन भाग झाले पाहिजेत. मग मागच्या भागात साडेचार इंची होल सॉने दोन भोकं पाडा आणि त्यावर १२० एमएमचे दोन पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवा. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ एमएम असतं, ते आधी कागदावर आखून प्लायवर चिकटवलं की चुकत नाही. पंख्यांची वायर लांबवून बोर्डाच्या सिस्टीम फॅन हेडरला (पंख्यासाठीच्या पिनांना) द्या. म्हणजे पीसी बंद झाला की तेही थांबतात आणि बायॉसमधून वेग धरता येतो. ८०० ते ९०० आरपीएम पुरतो, टीव्हीच्या आवाजात ऐकूही येत नाही. युनिट आणि भिंत यांच्यात किमान दोन इंच मोकळे हवेत. पुढचं दार खेळताना उघडं राहिलं पाहिजे. उघडं दार घरच्यांना खपत नसेल तर सनमायकाच्या जागी वेताची जाळी बसवून घ्या. हवा जाते, रिमोटही चालतो आणि दिसतंही चांगलं.

युनिट भिंतीला ठोकलेलं असेल तर मागचं भोक फुकट. मग खणाच्या बाजूच्या फळीत, शक्य तितकं वर कापावं लागतं. शेजारचा खण उघडा असेल तरच हेही करा, नाहीतर उष्णता एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाईल, इतकंच. तेही जमत नसेल तर पीसी युनिटच्या बाहेर शेजारी उभा करा. दिसायला जरा ओबडधोबड, पण मशीन जगेल.

एवढं केल्यावर त्याच ३५ अंशांच्या खोलीत, त्याच गेममध्ये हॉटस्पॉट ८२-८४वर आणि प्रोसेसर ७५च्या आत राहतो. पंखे, पट्टी आणि सुताराची मजुरी मिळून हजार-बाराशेत काम झालं. या अख्ख्या बिल्डमध्ये इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

त्यात फुकटातली भर म्हणजे व्होल्टेज उतरवणं. अॅड्रेनालिन या एएमडीच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये आरएक्स ६६००चं व्होल्टेज ११५० मिलिव्होल्टवरून २५-२५ने खाली आणत १०७५पर्यंत जा आणि प्रत्येक पायरीला अर्धा तास जड गेम चालवून बघा. स्क्रीन काळी होऊन ड्रायव्हर रिसेट झाला की एक पायरी मागे या. टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमची मर्यादा ६०वर बांधा. टीव्ही दाखवूच शकत नाही त्या ११० फ्रेमसाठी कार्ड तापवायचं कशाला? प्रोसेसरला बायॉसमध्ये पीपीटी (विजेची कमाल मर्यादा) ७६ वॉटवरून ६०वर आणला तरी ६० फ्रेमला काही फरक पडत नाही.

धुळीचं वेगळं सांगायला नको. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेले आहेत आणि खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत टीव्हीवर थर बसतो. कॅबिनेटमध्ये हवा आत घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवा. आत दाब थोडा जास्त राहिला की धूळ फटींतून न शिरता जाळीतून येते आणि जाळीवरच अडकते. हवा आत घेणाऱ्या जाळीवर बारीक नायलॉनची जाळी लावून दर पंधरवड्याला धुवा. मच्छरदाणीची जाळी जाड भोकांची असते, तिने नाशिकची लालसर माती अडत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. सुसाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डाकडे जाण्याचा धोका राहतो.

कंट्रोलरचा त्रास वेगळा आणि फसवा. सोफ्यावरून बटण दाबलं की कधी उशिरा लागतं, कधी लागतच नाही. लोक कंट्रोलर बदलून आणतात, पण दोष बहुतेकदा रिसीव्हर कुठे लावलाय त्यात असतो. यूएसबी ३.०च्या पोर्टमधून आणि त्यावर चालणाऱ्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२मध्येच त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ब्लूटूथ, वायरलेस कंट्रोलर आणि जुनं वायफाय हे सगळं त्याच पट्ट्यात. त्यात रिसीव्हर लोखंडी कॅबिनेटच्या मागे, तो खणात, आणि राउटर नेमका टीव्हीशेजारी. एक मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घ्या, काळ्या पोर्टमध्ये लावा आणि रिसीव्हर टीव्हीच्या खालच्या कडेला, सोफ्याच्या नजरेच्या रेषेत चिकटवा. पीसीला इंटरनेट लॅन केबलने द्या. शंभर-दीडशे रुपयांत तक्रार मिटते. बंद केलेला पीसी कीबोर्डने सुरू करायचा असेल तर बायॉसमध्ये ईआरपी (वीज वाचवणारी सेटिंग) बंद पाहिजे, नाहीतर पीसी बंद असताना यूएसबीला वीजच मिळत नाही. टीव्ही मात्र आपोआप सुरू होणार नाही. साध्या ग्राफिक्स कार्डात एचडीएमआय सीईसी (केबलवरूनच टीव्ही चालू-बंद करायची सोय) नसतं, रिमोट हातात घ्यावाच लागतो.

टीव्हीच्या सेटिंगकडे फार जण बघत नाहीत. केबल बोर्डाच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टला लावा. त्या इनपुटचं नाव किंवा आयकॉन ‘पीसी’ करा. बऱ्याच टीव्हींमध्ये तेव्हाच पूर्ण रंगमाहिती घेतली जाते आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात. त्या पोर्टचं डीप कलर किंवा तत्सम सेटिंग चालू करा, नाहीतर बऱ्याच टीव्हींवर ४केला ६० हर्ट्झचा पर्यायच येत नाही. गेम मोड चालू, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारी सेटिंग) बंद. काळा रंग राखाडी दिसत असेल तर पीसीकडून लिमिटेड आरजीबी आणि टीव्हीवर फुल असा घोळ आहे; अंधारातले बारकावे काळ्यात बुडत असतील तर उलटा. दोन्हीकडे एकच ठेवा. ४के टीव्हीला ४केच गेम चालवायला हवा असं नाही. आठ फुटांवरून ४३ इंची पडद्यावर १४४०पी आणि एफएसआर (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करणारी एएमडीची सोय) क्वालिटीवर पुरेसं आहे. जड गेमला १०८०पी ठेवा, एका पिक्सेलचे बरोबर चार होतात.

विंडोज की बझाइट (गेमिंगसाठीची फुकट लिनक्स), यावरही मत मध्येच बदललं. सुरुवातीला बझाइट सरस वाटली: पीसी सुरू केला की थेट स्टीम, कंट्रोलरवर सगळं, लायसन्सचा खर्च शून्य. एकट्याने खेळायचे गेम असतील तर आजही तीच घ्या. पण घरातल्या पोरांना व्हॅलोरंट हवं असेल तर ते लिनक्सवर चालत नाही, आणि विंडोज ११वर त्याला सिक्युअर बूट आणि टीपीएम (सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं. शिवाय एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमधलं एचडीएमआय २.१ एचडीएमआय फोरमने २०२४मध्ये नाकारलं, त्यामुळे १२० हर्ट्झच्या टीव्हीवाल्यांनी आधी तपासून घ्यावं. ६० हर्ट्झवाल्यांना काही अडत नाही. सध्या इथे विंडोज आहे.

विजेचं: घरच्या इन्व्हर्टरवर पीसी टाकायचा असेल तर स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर पूर्ण लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंद तगतो. ५५० वॉटच्या एसएमपीएसवर २०० वॉटच लोड असेल तर त्याहून जास्त. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर यापेक्षा उशिरा उठतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्हवर तर अॅक्टिव्ह पीएफसीचे (आत येणारी वीज सुधारून घेणारे) एसएमपीएस कधी कधी सरळ बंद पडतात. एसएमपीएसमध्ये काटकसर नको म्हटलं ते याचसाठी.

आता सर्व्हिसचं. दुकान म्हणालं डिस्ट्रिब्युटरकडे जा, डिस्ट्रिब्युटर म्हणाला मुंबईला पाठवा, मुंबईहून उत्तर आलं की धूळ म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा. वॉरंटीच्या कागदावर धुळीचा एक शब्द नव्हता. पंखा करकरतानाचा व्हिडिओ, सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो आणि सिरीयल नंबर छापलेलं जीएसटी बिल जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर भाषा बदलली आणि दोन्ही पंखे बदलून कार्ड परत आलं. म्हणून दुकानात बिल करतानाच कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, ‘नंतर देतो’ ऐकू नका. कुरियर करण्याआधी कार्डाचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि मूळ खोक्यातच पाठवा. पार्ट मुंबईहून मागवून हजार रुपये वाचत असतील तरी कार्ड आणि एसएमपीएस नाशिकमधूनच घ्यावेत. निदान काउंटरवर उभं राहून विचारता येतं.

आज हीच यादी घ्यायला गेलात तर पन्नास हजारांत बसवणं अवघड आहे. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि एसएसडीही मागोमाग वर गेले. डीडीआर४च्या जुन्या स्टिक वापरायला हरकत नाही, पण घेण्याआधी मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) एक पूर्ण फेरी चालवून दाखवायला सांगा. दोन स्टिक एकाच वेगाच्या आणि एकाच मापाच्या घ्या. १६ जीबीची एकच घेऊन ‘दुसरी नंतर टाकू’ म्हणाल तर ड्युअल चॅनेल (दोन स्टिकमधून एकदम डेटा वाचणं) जातं आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये ते लगेच जाणवतं. बजेट फारच ओढाताणीचं असेल तर प्रोसेसर उतरवून आय३ १२१००एफ आणि एच६१० बोर्ड घ्या, पण बोर्ड डीडीआर४चाच आहे ना ते बघा, कारण एच६१० दोन्ही प्रकारांत मिळतो. कार्ड, एसएमपीएस आणि खणाच्या पंख्यांचे पैसे मात्र कापू नका.