रोममध्ये अर्धाच दिवस उरला तर कुठला कॅराव्हॅज्जो बघायचा?

व्हॅटिकन, कॉलोसियम उरकून अर्धा दिवस हातात असेल तर म्युझियमचं तिकीट काढूच नका, कारण कॅराव्हॅज्जो या इटालियन चित्रकाराची एकदम टॉपची धार्मिक चित्रं चर्चमध्ये आहेत, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर, आणि फुकट. ऑप्शन दोन आहेत.

एक म्हणजे पियाझ्झा नव्होनाजवळचं सान लुइजी देई फ्रांचेझी चर्च. इथल्या एका चॅपलमध्ये (चर्चमधलं छोटं प्रार्थनेचं दालन) येशूचा शिष्य मॅथ्यूची तीन चित्रं आहेत, पण बघायचं ते डाव्या भिंतीवरचं, १५९९-१६०० मधलं. जकातदार मॅथ्यू टेबलाशी पैशांच्या हिशोबात, आणि येशू उजवीकडून हात करून बोलावतोय. चित्रात भलीमोठी खिडकी आहे पण उजेड तिच्यातून येतच नाही, तो उजवीकडून येशूच्या डोक्यावरून तिरका शिरतो, आणि चॅपलची खरी खिडकीही त्याच अंगाला, हे फोटोत कळणं शक्यच नाही. यातला मॅथ्यू नक्की कोण यावर अजून भांडणं चालू आहेत, दाढीवाला की मान खाली घालून नाणी मोजणारा पोरगा? मला दाढीवालाच वाटतो. गर्दी मात्र बेक्कार.

दुसरं सांता मारिया देल पोपोलो चर्च, फ्लामिनिओ मेट्रोला लागूनच. इथे पॉल, म्हणजे आधी ख्रिश्चनांचा छळ करणारा आणि पुढे संत झालेला, दमास्कसच्या वाटेवर दैवी प्रकाशाने घोड्यावरून पडलेला, डोळे मिटलेले, हात पसरलेले. ना आकाश, ना देवदूत, नुसता प्रकाश अंगावर कोसळतोय आणि बाकी अर्धं चित्र घोड्यानेच खाल्लंय. समोरच्या भिंतीवर येशूचा शिष्य पेत्राचा क्रूस उचलताना घामाघूम झालेले मजूर. पण चॅपल अरुंद, बघावं लागतं तिरकंच.

निवांत उभं राहून एकेक चेहरा वाचायची आवड असेल तर पहिलं, एका फटक्यात अंगावर येणारं हवं तर दुसरं. मी सान लुइजीच सांगेन, त्याचं कारण जरा वेगळं आहे, तिथून चालत पाच मिनिटांवर सांतागोस्तिनो चर्च आहे. तिथल्या कॅराव्हॅज्जोच्या चित्रात येशूची आई मरिया बाळाला घेऊन दारात उभी आणि पुढ्यात दोन म्हातारे यात्रेकरू गुडघ्यावर, त्यातल्या बाबाचे मळके अनवाणी तळवे थेट आपल्या तोंडासमोर. वारी बघितलेल्या माणसाला हे पाय वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. भक्ती म्हणून बघायची असेल तर तिन्हीत हेच भारी.

सुटी युरो नाणी जवळ ठेवा, नाणं टाकल्याशिवाय चित्रांवरचा लाइट लागत नाही (बरेच जण दुसरा कोणी टाकेल म्हणून ताटकळत असतात), आणि दुपारी चर्च बंद असतात त्यामुळे टायमिंग आधी बघून जा.