२०१७ चे मुलगे आणि २०२२ च्या मुली

भारताच्या १७ वर्षांखालील दोन्ही फुटबॉल संघांना विश्वचषकात जागा मिळाली ती यजमान म्हणून. दोघेही तिन्ही सामने हरून गटातच बाद झाले. पण आकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो: मुलांनी एक गोल केला, नऊ खाल्ले, मुलींनी एकही केला नाही, सोळा खाल्ले.

तो एक गोल मी अजून विसरलेलो नाही. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध आपण ०-१ ने मागे होतो. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला आणि जॅकसन सिंगने उंच उडी घेत हेडर मारला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल! पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली, पण तेवढ्या वेळात स्टेडियम दणाणून गेलं होतं. अमेरिकेकडून ०-३, घानाकडून ०-४ झालेली हार त्यापुढे आठवतही नाही.

भुवनेश्वरमध्ये मुलींचं पदार्पणच अमेरिकेविरुद्ध, ०-८. नंतर मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५.

तरी मुली कमी पडल्या, असं मी म्हणणार नाही. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली, तेव्हाच्या मुली वयाबाहेर गेल्या. या संघाच्या स्पर्धेआधी, ऑगस्टमध्ये, फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं. मुलांच्या संघातले अनेक जण स्पर्धेनंतर इंडियन ॲरोज या महासंघाच्या तरुण खेळाडूंच्या संघाकडून थेट आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत खेळले. मुलींसाठी तसा संघ तेव्हाच उभा करायला हवा होता.