चारशे चाळीस रुपयांचा किचन काटा, सात महिने वापरून

मागच्या गणपतीनंतर ऑनलाइन मागवला होता, डिजिटल काटा, ५ किलोपर्यंत वजन घेतो आणि १ ग्रॅमपासून दाखवतो. रिमोटला लागतात ते दोन बारीक सेल घालायचे. असे काटे सगळीकडे मिळतात आणि बहुतेक सारखेच असतात म्हणून ब्रँडपेक्षा वापराबद्दल लिहितेय.

माझं वजन तेव्हा ७८ होतं, उंची पाच फूट दोन, शुगर बॉर्डरवर. डॉक्टरांनी टेप लावून कंबर मोजली आणि म्हणाले आपल्याकडच्या बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी, माझी ९७ होती. त्याच्या आधी चार महिने मी काही कमी प्रयत्न करत नव्हते हो, रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जात होते, तीन पोळ्यांच्या दोन केल्या, भात बंद केला, आणि चार महिन्यांत गेला एक किलो. रडू यायचं खरंच. नक्की कुठे चुकतंय ते कळेना आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगणार.

पहिला आठवडा काहीच बदललं नाही, नेहमीसारखंच करायचं आणि फक्त वजन करून वहीत लिहायचं. तुम्ही घेतलात तर तुम्हीही आधी हेच करा. आमच्याकडे पोळीचा एक गोळा ४८ ग्रॅमचा निघाला, म्हणजे कणीक साधारण ३०, म्हणजे तेल न लावता शंभरेक कॅलरी. एवढंच! मी चार महिने जिच्यावर राग काढला ती पोळी एवढीशीच होती.

मग तेल मोजलं. कढईतलं तेल मोजायची सोपी युक्ती म्हणजे तेलाचं भांडंच काट्यावर ठेवायचं, शून्याचं बटण दाबायचं आणि हवं तेवढं तेल काढून घ्यायचं, स्क्रीनवर वजा आकडा येतो तेवढं कढईत गेलं. फ्लॉवरच्या भाजीला दोन पळ्या म्हणजे ४६ ग्रॅम. आमटीची फोडणी वेगळी, पोळीला लावायचं वेगळं. महिन्याचा हिशोब केला तर आम्ही चौघं आणि ५ लिटरचा कॅन, लिटरला ९१० ग्रॅम (पिशवीवर छापलेलंच असतं), म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम झालं, आणि हे बाहेरचं वडापाव-भेळ न धरता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटाला तेलतूप मिळून २७ ग्रॅम दिलंय. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, आता तुम्हीच गुणाकार करा.

दुसरं सापडलं ते शेंगदाणे. आमच्या भागात कूट कशात नसतं सांगा, कोशिंबीर, वांगं, पालेभाजी सगळ्यात. वर संध्याकाळी चहाबरोबर मी मूठभर भाजलेले दाणे खायचे, पौष्टिक म्हणून. माझी मूठ ४० ग्रॅमची भरली, सव्वादोनशे कॅलरी. सकाळी गडावर चढून-उतरून जे काय जळत असेल त्यातलं बरंचसं संध्याकाळी पाच मिनिटांत परत येत होतं. दाणे वाईट नाहीत, त्यात प्रोटीन भरपूर असतं, मी सोडलेही नाहीत, वाटीत १५ ग्रॅम काढून घेते आणि डबा वरच्या फळीवर.

सासूबाईंना काटा आधी अजिबात पटला नव्हता. आई म्हणाल्या मोजून वाढलेलं अंगाला लागत नाही, आणि त्यांचं वाईट वाटणं मला समजत होतं, चाळीस वर्षं त्या हाताच्या अंदाजाने करतायत. मी त्यांच्या भाजीला नावं ठेवली नाहीत, फक्त आठवडाभराची वही दाखवली. त्या बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या एक पळी कमी घालून बघू. जिरं-मोहरी नीट तडतडू दिली आणि भाजी झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून वाफवली की कमी तेलात लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. आता कॅन दीड महिना जातो आणि दिवाळीला भाजणीचं प्रमाण त्यांनी स्वतः काट्यावर करून घेतलं.

आता काट्याच्या तक्रारी. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, मध्ये फोन आला की आधीचं वजन गेलं. एकदम हळूहळू घातलं, म्हणजे चिमूट चिमूट साखर, तर आकडा हलतच नाही, मसाल्यासाठी उपयोग नाही. युनिटचं बटण चुकून दाबलं की औंस दिसायला लागतात, आईंनी दोनदा काटा बिघडला म्हणून ठेवून दिला होता. मिलीचं सेटिंग पाण्यालाच बरोबर आहे, तेलाला ग्रॅमच वापरा. मोठं पातेलं ठेवलं की स्क्रीन झाकली जाते. आणि काटा धुता येत नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचा.

एक गोंधळ काट्याचा नाही, माझाच होता. भात शिजल्यावर जवळजवळ तिप्पट भरतो, मी शिजलेल्या भाताला कच्च्या तांदळाच्या कॅलरी लावत होते आणि उगाच घाबरून भात बंदच ठेवला होता. आता दुपारी ४० ग्रॅम तांदळाचा भात खाते, वरण घट्ट आणि जास्त, त्याने पोट भरलेलं राहतं.

चालणं चालूच आहे, आठवड्यातून पाच दिवस गड आणि दोन दिवस घरीच उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर. व्यायाम काट्यामुळे कमी करू नका. वजन ७१.५ आहे, कंबर ८९, शुगर खाली आलीय. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि घरात वयात येणारी मुलगी असेल तर काटा ताटाजवळ आणू नका. माझी नववीतली लेक एक दिवस स्वतःची पोळी काट्यावर ठेवताना दिसली, माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून मी फक्त कच्चं सामान मोजते, तेही ती शाळेत गेल्यावर, आणि ती हवं तेवढं जेवते.

घेतलात तर आल्या आल्या मिठाची न फोडलेली १ किलोची पिशवी ठेवून बघा. पिशवीचे पाच-सात ग्रॅम वर दाखवले तर ठीक, पन्नासचा फरक आला तर लगेच परत करा.