बॉक्सवर बारा, आत अर्धी गुंज

सोलापुरात मधल्या मारुतीजवळ आमचं सराफी दुकान आहे, आजेसासऱ्यांच्या काळापासूनचं. वजन करणं आणि पावती फाडणं माझ्याकडे. हे आधीच सांगते, कारण पुढं कॉफी सोन्याच्या काट्यावर चढणार आहे.

मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आली तेव्हा पॉडचं कॉफी मशीन घेऊन आली. पॉड म्हणजे एका कपापुरती कॉफीची पूड भरलेली बंद वाटी, तिलाच कॅप्सूल म्हणतात. नेस्प्रेसो या कंपनीच्या ‘ओरिजिनल’ नावाच्या छोट्या मापाच्या कॅप्सूल बसतात तसलं, पण मशीन दुसऱ्याच कंपनीचं, आणि पॉड तिसऱ्याच्या. दोघांचीही नावं लिहीत नाही. तक्रार लिहायची आहे आणि मला भांडण नको, उत्तर हवं होतं.

मशीनचं आधी उरकते. दिसायला छान, ओट्यावर मिक्सरएवढी जागा खातं. पाणी भरा, पॉड घाला, दांडा खाली ओढा, बटण दाबा. अर्ध्या मिनिटात कॉफी, वर सोनेरी फेस. आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं ते जड, म्हणून मी जारचं पाणी घालते. नाहीतर आतल्या नळीत क्षार बसायला वेळ लागणार नाही. दूध तापवायची सोय मशीनमध्ये नाही, ते गॅसवरच. पहिली कॉफी सासऱ्यांपुढं ठेवली. छोटं बटण दाबलं की चाळीस मिली येते. मामांनी कपात डोकावून बघितलं आणि ह्यांना विचारलं, “काय बे, तीर्थ देतोय का?” तेव्हापासून त्यांना ती दुधात घालून पेलाभर मिळते आणि तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. मुलीनं तीन प्रकारचे पॉड आणले होते. काळ्या बॉक्सवर ‘इंटेन्सिटी १२’. निळ्यावर ‘लुंगो, इंटेन्सिटी ६’; लुंगो म्हणजे जास्त पाण्याची, मोठ्या कपाची. तिसरा लाल, कॅफीन काढलेला, त्यावर ७. मी सरळ हिशोब केला: बारा म्हणजे जालीम, सहा म्हणजे त्याच्या निम्मी. सकाळी बारा, रात्री जेवणानंतर सहा. सराफाच्या घरात आकडा म्हणजे शब्द. दागिन्यावर ९१६ असं असेल तर हजारात ९१६ भाग सोनं, त्यात वाद नाही. बॉक्सवरचा आकडाही तसलाच असणार असं मी धरून चालले.

तीन रात्री झोप नाही. दोन वाजेपर्यंत छताकडं बघत पडून, स्टेशनकडून गाड्यांचे भोंगे ऐकत. छातीत धडधड वेगळीच. ह्यांचं निदान असं की लग्नसराईच्या उधारीमुळं. मला मात्र संशय निळ्या बॉक्सचा. आणि त्याच आठवड्यात धाकट्या जाऊबाईनं विचारलं, “ताई, मी एक घेऊ का?” तिला सहावा महिना. डॉक्टरीणबाईंनी तिला दिवसाला दोनशे मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहायला सांगितलेलं. मी तिन्ही बॉक्स उलटेपालटे करून बघितले. सुगंध आहे, चॉकलेटची छटा आहे, भाजलेल्या धान्याची छटा आहे, डोंगरउतारावरच्या बागेचं चित्र आहे. मिलिग्रॅम नाही.

म्हणून पॉड विकणाऱ्यांना फोन लावला.

“एका पॉडमध्ये कॅफीन किती?”
“मॅडम, ती सहा नंबरची आहे.”
“सहा काय? मिलिग्रॅम?”
“इंटेन्सिटी, मॅडम. जास्त नंबर म्हणजे जास्त कॅफीन.”

हे साफ खोटं निघालं. मुद्दाम बोलला असेल असं नाही, त्या पोरालाही कुणी सांगितलं नसणार. पण आमच्या पेढीवरच्या पोरानं अठरा कॅरेटला बावीस म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या दारात गर्दी झाली असती. ईमेलही केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, त्यात आभार होते.

मग दुपारी गिऱ्हाईक नसताना काटा पुढ्यात घेतला. हा काटा दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. पॉडवरचा पातळ पत्रा सुरीनं काढला, पूड कागदावर ओतली, वजन केलं. आमच्याकडं ग्रॉस आणि नेट वेगवेगळं धरतात, खडे-मोती वजा करून. इथं वजा करायचं ते ॲल्युमिनियम, साधारण एक ग्रॅम. निव्वळ कॉफी अशी निघाली: काळ्यात ५.३१ ग्रॅम, निळ्यात ६.१२, लालमध्ये ५.२४. त्याच वेळी अक्कलकोटचे एक जुने गिऱ्हाईक आत आले, काट्यावरची तपकिरी पूड बघून चप्पल बाहेर काढून आले आणि म्हणाले, “वहिनी, हे कुठलं भस्म?” त्यांना एक पॉड करून पाजला. आवडला नाही.

वजन कळलं, पण कस? तो बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरात सापडला. काळ्यावर ‘१०० टक्के अरेबिका’. निळ्यावर ‘अरेबिका आणि रोबस्टा’, म्हणजे कॉफीच्या दोन जाती. सगळी मेख इथं आहे. अरेबिकाच्या बीमध्ये कॅफीन वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास असतं, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट, दोन-सव्वादोन टक्के आणि कधी वरही. म्हणजे काळ्या पॉडमध्ये ५.३१ ला सव्वा टक्का, साधारण ६५ मिलिग्रॅम. निळ्यात निम्मा रोबस्टा धरला तर शंभराच्या पुढं. पाण्यात सगळं उतरत नाही, थोडं पुडीतच राहतं, म्हणून दोन्हीतून थोडी घट धरायची. तरी ज्याला मी ‘निम्मी’ समजून रात्री साडेनऊला पीत होते ती बाराच्या दीडपट निघाली.

मग तो बाराचा आकडा कशाचा? भाजणीचा, कडूपणाचा, जिभेवरच्या जडपणाचा. बी जास्त भाजली की चव कडक होते, कॅफीन मात्र भाजणीत फारसं कमीजास्त होत नाही. कडूपणातही कॅफीनचा वाटा थोडाच. याचा पक्का पुरावा हवा तर नेस्प्रेसोचीच आर्पेजियो नावाची कॉफी बघा: साधी आर्पेजियो इंटेन्सिटी ९, आणि कॅफीन काढलेली आर्पेजियोही इंटेन्सिटी ९. कॅफीन गेलं तरी आकडा जागचा हलला नाही. दागिन्याच्या घडणावळीवरून सोन्याचा कस ठरवावा, तसला प्रकार.

त्या मापाच्या पॉडमध्ये, कंपनी कुठलीही असो, पाच-सहा ग्रॅमच पूड मावते, त्यामुळं आकडे फार पळत नाहीत. साध्या एस्प्रेसो, म्हणजे छोट्या कपाच्या, पॉडला साधारण ५५ ते ६५ मिलिग्रॅम, लुंगोला ७५ ते ९०, आणि रोबस्टा ठासून भरलेले काही प्रकार शंभराच्या वर. आमच्या जुन्या भाषेत बोलायचं तर एक गुंज म्हणजे १२१ मिलिग्रॅमच्या आसपास. ९६ गुंजांचा तोळा. म्हणजे साध्या पॉडमध्ये अर्धी गुंज कॅफीन, तिखट रोबस्टात अख्खी गुंज. मामांना मिलिग्रॅम सांगून काही पोचत नव्हतं. अर्धी गुंज म्हटल्यावर लगेच म्हणाले, “मग एवढुश्शानं झोप उडती?” उडती, मामा.

युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा धडधाकट माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम, एका वेळी २००. गरोदर बाईला दिवसभरात मिळून २००. चारशे म्हणजे सव्वातीन गुंजा. ऐकायला भरपूर वाटतं. पण पेढीवर दिवसात पाच-सहा वेळा अर्धा कप चहा येतो. उकळून उकळून काळा केलेला, एकेकात वीस-पंचवीस मिलिग्रॅम तरी असणार. एक गुंज चहातच गेली, आणि ती मी आजवर कधी मोजलीच नव्हती. वर सकाळची काळी आणि रात्रीची निळी. शिवाय पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. साडेनऊची निळी अडीच वाजता निम्मी माझ्या अंगात जागीच होती.

जाऊबाईला मी लाल पॉड दिला. कॅफीन काढलेली म्हणजे शून्य नव्हे, हेही इथं सांगून टाकते. युरोपात भाजलेल्या बीमध्ये साधारण ०.१ टक्क्यापर्यंत चालतं. सव्वापाच ग्रॅमला पाच मिलिग्रॅम. तेवढं सोनं तर आमच्या कारागिराच्या कानशीला चिकटून जातं. तिला रोज एक लाल आणि सकाळचा एक चहा, असं डॉक्टरीणबाईंना विचारून ठरलं. चवीला लाल पॉड जरा पाणचट आहे, दूध घातलं की कळत नाही.

पुतण्याच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्याचा मला राग येतो, पण त्यावर कॅफीन किती ते छापलेलं असतं, छापावंच लागतं. आपल्याकडच्या नियमात त्या पेयांना लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम अशी चौकट आहे, म्हणजे २५० मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. माझ्या निळ्या पॉडमध्ये त्याहून जास्त आणि बॉक्सवर बागेचं चित्र.

नणंद अमेरिकेत असते, तिच्याकडं के-कप आहेत. ते पॉड मोठे, नऊ ते बारा ग्रॅमचे, आणि एकात ७५ पासून १५० पर्यंत कॅफीन निघतं. तिला वाटायचं मोठ्या कपाचं बटण दाबलं की कॉफी कडक. अगं, पूड तेवढीच! पाणी वाढवलं तर थोडं जास्त उतरेल, पण मुख्यतः कॉफी पातळ होणार. आमच्या मशीनलाही हेच लागू. ह्यांनी काळ्या पॉडवर मोठं बटण दाबलं तर कपभर कडवट पाणी आलं. आणि एकदा वापरलेल्या पॉडवर दुसऱ्यांदा पाणी सोडलं (मामांची सूचना, चहापत्तीसारखी), तेव्हा रंग सोडून काही आलं नाही.

आमच्या जुन्या बरणीतल्या इन्स्टंटचाही हिशोब केला, कारण तीस वर्षं ती पिऊन रात्री गाढ झोप लागायची. त्यात ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे मूळ भाजून केलेली पूड, तिच्यात कॅफीन अजिबात नाही. चमचाभर म्हणजे दोन ग्रॅम घातली तर चाळीसच्या आसपास मिलिग्रॅम. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे, आणि टक्केवारी पाकिटावर छापतात. म्हणजे स्वस्तातल्या पाकिटावर डाग-मिश्रणाचा हिशोब मिळतो आणि भारीतल्या पॉडवर नाही.

किमतीचं राहिलं. मला एक पॉड ४५ रुपयांना पडला. सव्वापाच ग्रॅमला पंचेचाळीस, म्हणजे किलोला साडेआठ हजार. हा भाव बघून ह्यांनी विचारलं, “घडणावळ धरून का?”

तर माझा निकाल. मशीनला पाचपैकी चार. एक गुण आवाजाला कापला. काळ्या बॉक्सला चार, चव खरोखर चांगली आणि सकाळी एक प्यायला हरकत नाही. लालला तीन. निळ्याला चवीचे चार आणि बाकीचा शून्य, कारण जे मोजायला पाहिजे तेच लपलंय. घेणारच असाल तर पुढचा मोठा आकडा सोडा, बाजूचं बारीक अक्षर वाचा: अरेबिका किती, रोबस्टा किती, निव्वळ वजन किती. दहा पॉडच्या बॉक्सवर ५३ ग्रॅम लिहिलं असेल तर दहानं भागा, सव्वा टक्का काढा. रोबस्टा असेल तर टक्का वाढवा. गुणाकार पाचवीचा आहे.

उरलेले निळे पॉड ह्यांनी मार्चअखेरच्या हिशोबाच्या रात्रींसाठी तिजोरीशेजारी ठेवलेत. रिकाम्या ॲल्युमिनियमच्या वाट्या मी धुऊन डब्यात जमा करते, पन्नासेक झाल्या. काल कारागिरानं डबा हलवून बघितला आणि विचारलं, “वहिनी, आटवायच्या का?”