उताराच्या जागेवरची फरसबंदी: रेव्हिटचा टोपोसॉलिड काही महिने वापरल्यावर

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा पांडवलेणीच्या पायथ्याशी प्लॉट असला की इमारतीपेक्षा अंतर्गत रस्ता आणि पार्किंगच जास्त वेळ खातं. रेव्हिट या इमारतीचं त्रिमितीय मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरच्या २०२४ आवृत्तीत टोपोसरफेस (जमिनीचा नुसता पृष्ठभाग) जाऊन टोपोसॉलिड (जमिनीचा भरीव तुकडा) आला आणि जमिनीला जाडी, थर मिळाले. ही सुधारणा खरोखर मोठी आहे. तरी २०२४ आणि २०२५ या दोन्ही आवृत्त्या वापरल्यावर मत असं: जमीन टोपोसॉलिडमध्ये काढा, पण गाडी जाणारी फरसबंदी फ्लोअरमध्येच, म्हणजे रेव्हिटच्या नेहमीच्या लादीच्या साधनाने.

आधी सर्व्हे. मोजणीचे बिंदू ज्या सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामाने तोडलेले आकडे) आयात होतात तिच्यात पहिले तीन आकडे एक्स, वाय, झेड या क्रमानेच हवेत. सर्व्हेअर बहुधा पहिल्या रकान्यात पॉइंट नंबर आणि नंतर ईस्टिंगच्या (पूर्वेकडचं अंतर, एक्स) आधी नॉर्दिंग (उत्तरेकडचं, वाय) देतात. तसंच आयात केलं तर प्लॉट उलटापालटा होतो. शिवाय यूटीएम या जागतिक निर्देशांक पद्धतीत नाशिकचं नॉर्दिंग २२ लाख मीटरच्या पुढे जातं आणि रेव्हिट मूळ बिंदूपासून १६ किमीपलीकडे नीट चालत नाही. स्थानिक निर्देशांक घ्या. खरा आरएल (सर्व्हेतली पातळी) दिसण्यासाठी स्पॉट एलिव्हेशनचा (उंची दाखवणारी खूण) ओरिजिन सर्व्हे पॉइंटवर ठेवा.

टोपोसॉलिडचा भाग वेगळा करणारं सबडिव्हाइड मोहात पाडतं: रेघ मारली, मटेरियल दिलं, उंची दिली, झाला रस्ता. पण तो जमिनीचा प्रत्येक खड्डा-उंचवटा जसाच्या तसा उचलतो. बागेतल्या पायवाटेला, लॉनला हे उत्तम. ड्राइव्हवेला मात्र डिझाइनचा उतार लागतो आणि तो इथे देता येत नाही.

फ्लोअरचे थर: ८० मिमी पेव्हर, ३० मिमी वाळू, १५० मिमी जीएसबी (खडीचा पायाथर), एकूण २६०. ‘व्हेरिएबल’ची (जाडी बदलू देणारी) खूण एकाही थराला नको, नाहीतर तळ सपाट राहतो आणि तेवढा एक थर पाचरीसारखा जाड-पातळ होतो. अख्ख्या फ्लोअरला एकच उतार देणारा स्लोप ॲरोही नको. तो असला की कोपऱ्यांची उंची वेगवेगळी बदलणारं ‘मॉडिफाय सब एलिमेंट्स’ चालत नाही.

आता खरी मेख. समजा रस्ता २४ मी लांब, ६ मी रुंद, चढ १७०० मिमी, म्हणजे साधारण १:१४. गेटवर दोन्ही कोपरे शून्यावर हवेत, कारण बाहेरचा रस्ता तिथे सपाट भिडतो. वरच्या टोकाला १:५० आडवा उतार हवा, म्हणजे गटाराकडे १७०० आणि पलीकडे १८२०. हे चार बिंदू एका प्रतलात नाहीत, म्हणून रेव्हिट आपल्या मनाने एक कर्ण धरून घडी घालतं. एका कर्णाने मध्यबिंदू ९१० येतो, दुसऱ्याने ८५०. हा ६० मिमीचा फरक प्लॅनमध्ये चटकन जाणवत नाही, पण दुसऱ्या कर्णाने रस्त्यातून तिरकी पन्हळ पडते आणि पाणी गटाराऐवजी गेटच्या कोपऱ्यात येतं.

उपाय: गेटपासून ६ मीटरवर ‘ॲड स्प्लिट लाइन’ने आडवी रेघ मारा आणि तिची टोकं गटाराकडे ४२५, पलीकडे ५४५ करा. पुढचे १८ मीटर एकाच प्रतलात बसतात, पीळ पहिल्या ६ मीटरमध्येच उरतो. तिथला कर्णही स्वतःच काढा, गेटच्या गटाराकडच्या कोपऱ्यापासून ५४५ पर्यंत. पलीकडची कड तिथे १:११ होते. १:१० च्या आत आहे, चालतं. शेवटी स्पॉट स्लोप (उताराची दिशा दाखवणारा बाण) टाकून बाण कुठे वळतात ते बघाच.

फरसबंदी जमिनीत शिरते तिथे जमीन कापायला २०२५ मधलं एक्स्कॅव्हेट फार सोयीचं. २०२४ मध्ये इन-प्लेस व्हॉइडची (जागेवरच काढलेला पोकळ आकार) खटपट करावी लागते. मात्र एक्स्कॅव्हेट कापतं, भरत नाही. रस्ता जमिनीच्या वर गेला तिथे खाली पोकळी राहते आणि सेक्शन काढेपर्यंत कळत नाही. तिथे टोपोसॉलिडचे बिंदू फरसबंदीच्या माथ्याच्या २६० मिमी खालच्या पातळीपर्यंत उचलून ठेवा. भरावाचा मुरूम मोजायचा असेल तर हा बदल ग्रेडेड रीजनने (मूळ जमीन ठेवून तिची बदललेली प्रत करणारं साधन), वेगळ्या फेजमध्ये (कामाच्या टप्प्यात) करा.

कर्बसाठी (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) अजून नीट साधन नाही. रेलिंगमध्ये (कठड्याचं साधन) काँक्रीटचं प्रोफाइल देऊन ‘पिक न्यू होस्ट’ने फ्लोअरवर बसवलं की ते उतार बरोबर धरतं, फक्त शेड्यूलमध्ये रेलिंग म्हणून येतं, टाइपच्या नावात ‘कर्ब’ लिहून फिल्टर लावा.