परतीची तिकिटे रद्द करून पैसे लाटले: अंदमानच्या स्वस्त ग्रुप टूरचा अनुभव

अंदमानच्या ‘बजेट बॅकपॅकिंग’ सहलीच्या नावाखाली नाशिकमधल्या एका टूरचालकाने आम्हा चौघांकडून, म्हणजे मी, पत्नी, धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याकडून, १,२६,००० रुपये घेतले आणि आम्हाला बेटावर वाऱ्यावर सोडून दिले. माणशी ३१,५०० रुपयांत सहा रात्री, सात दिवस, येण्याजाण्याचे विमान, बोटी, होमस्टे आणि नाश्ता. दर स्वस्त होता, पण अशक्य वाटावा इतका नव्हता. गंगापूर रोडला त्याचा गाळा होता, पाटी होती, पावतीपुस्तक होते, आणि सहलीचे नाव त्याने ‘भगूर ते सेल्युलर जेल’ असे ठेवले होते. नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला सावरकरांच्या जन्मगावाचे नाव ऐकून काय वाटते, हे त्याला पक्के ठाऊक असावे.

आगाऊ रक्कम म्हणून २५,००० रुपये गाळ्यातल्या क्यूआर कोडवर दिले. उरलेले १,०१,००० दोन हप्त्यांत ज्या नंबरवर पाठवले, त्यावर एका बाईचे नाव झळकले. ‘वहिनींचे खाते आहे, आमच्या चालू खात्याला जीएसटीची अडचण आली आहे,’ असे तो इतक्या सहज म्हणाला की पुढे विचारणे उद्धटपणाचे वाटले. पैसे बिलावर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्यावेत, वहिनी कोणाचीही असो.

आम्ही डोळे मिटून पैसे दिले, असे कोणी म्हणू नये. तिकिटाची पीडीएफ हातात येताच मी पीएनआर आणि आडनाव टाकून विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तपासले. जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही बुकिंगवर आमची चारही नावे बरोबर दिसत होती. याहून अधिक कोण तपासतो? मात्र त्याच पीडीएफच्या तळाशी, प्रवाशाच्या संपर्काच्या रकान्यात, मोबाइल नंबर आणि ईमेल त्याचा होता. तिकीट काढल्याचा साधा एसएमएससुद्धा आमच्या चौघांपैकी कोणाच्याही फोनवर आला नव्हता. ती ओळ मी डोळ्यांनी वाचली होती आणि एजंट लोक असेच करतात म्हणून पुढे गेलो होतो, याची चीड आजही जात नाही. कारण सगळा डाव त्या ओळीतच होता: आम्ही जातानाच्या विमानात बसल्यावर त्याने परतीची तिकिटे रद्द केली, रद्द झाल्याचा संदेश त्यालाच गेला आणि परतावाही ज्या खात्यातून पैसे भरले होते तिथे, म्हणजे त्याच्याकडेच गेला.

आणखी एक खूण पत्रकातच छापलेली होती. बाराटांग बेटाच्या दिवसापुढे ‘जारवा दर्शन’ असे लिहिले होते. जारवा म्हणजे अंदमानातली आदिवासी जमात. जारवांच्या राखीव क्षेत्रातून वाहने ताफ्याने जातात, तिथे थांबणे आणि फोटो काढणे गुन्हा आहे. जो हे विकतो, तो बाकीचेही खोटेच विकत असणार.

श्री विजयपुरमला (२०२४ पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) पहिली रात्र ठीक गेली. दुसऱ्या सकाळी स्वराज द्वीप, म्हणजे जुन्या हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीसाठी जेट्टीवर पोहोचलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आमचा कागद पाहिला, यादीवरून दोनदा बोट फिरवले आणि म्हणाला, ‘ये नंबर हमारा नहीं है.’ बोट खरी होती, वेळ खरी होती, तिकीट बनावट होते. टूरचालकाचा फोन तेव्हापासून बंद आहे. खासगी बोटीला येऊन-जाऊन १३,६००, राहायला १३,५०० आणि परतीच्या विमानाला ऐनवेळच्या दराने ५८,४०० असे वरचे ८५,५०० रुपये गेले. राधानगरचा समुद्रकिनारा सुंदर आहे म्हणतात. आम्ही तिथे बसून नातेवाइकांकडे पैसे मागत होतो.

यापुढचा भाग अधिक संतापजनक आहे. बेटावरच्या पोलीस चौकीत सांगितले गेले की पैसे नाशिकला दिले आहेत, तक्रार तिथे करा. नाशिकला आल्यावर ठाण्यातल्या साहेबांनी सांगितले की प्रकार तिकडे घडला आहे, तक्रार तिकडे करायला हवी होती. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ‘वकील आहात का?’ असा प्रश्न आला. नंतर त्यांचा सूर बदलला: ‘नेले ना तुम्हाला? एक रात्र ठेवले ना? मग फसवणूक कसली?’ दुसऱ्या एका कचेरीत ओटीपी दिला होता का, असे विचारले आणि नाही म्हटल्यावर हा सायबरचा विषयच नाही म्हणून परत पाठवले. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. विमान कंपनी म्हणते, परताव्याची माहिती बुकिंग करणाऱ्यालाच देऊ. तिकिटावर नाव माझे, प्रवास माझा, पण माहितीचा हक्क चोराचा! माझा अर्ज ‘चौकशीवर’ आहे. गाळ्याला कुलूप आहे आणि तो कराराने दिला होता एवढेच मालक सांगतात.

ज्यांचे असे काही झाले असेल, त्यांनी पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण खात्यातली रक्कम गोठवायची तर तासांचाच खेळ असतो. आम्ही जेट्टीवर त्याचा फोन लावत बसलो. पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही. आमची तक्रार आता तिथे दाखल आहे.

हे लिहिण्याचे तातडीचे कारण वेगळे आहे. पत्रकातले तेच फोटो आणि तोच मजकूर वापरून, वेगळ्या नावाने, दिवाळीतल्या लक्षद्वीप सहलीची जाहिरात नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरते आहे. ज्यांनी पैसे भरले आहेत, त्यांनी तिकिटावर स्वतःचा मोबाइल नंबर आहे का ते आजच पाहावे, नसेल तर बदलून घ्यावा, आणि परतीचा पीएनआर निघण्याच्या दिवशी विमानतळावर पुन्हा एकदा तपासावा.